काटा कोणी हलवला, याबाबत

प्रति,
मा. पेटंट नियंत्रक,
मोजमाप व औद्योगिक उपकरणे विभाग,
पेटंट कार्यालय.

विषय: गोंदाच्या टाकीतील पातळी दाखवणाऱ्या यंत्राच्या दुसऱ्या अर्जावर आपण घेतलेल्या हरकतींना उत्तर देणेबाबत, तसेच आपल्या कार्यालयाच्या सूचनेनुसार अर्जातील एक नाव काढणेबाबत.

संदर्भ:
१) माझा पहिला अर्ज (यंत्र, थरथरीशिवाय).
२) आपल्या चाचणी कक्षाचा अहवाल: "यंत्र चालत नाही."
३) चाचणी कक्षात शिवणयंत्र आणू द्यावे ही माझी विनंती आणि "कार्यालयात शिवणकाम करता येणार नाही" हे आपले उत्तर.
४) दुसरा अर्ज (यंत्र, थरथरीसह). शोधकर्ते दोन: मी आणि माझी वहिनी.
५) आपले हरकतीचे पत्र. ते खिशात बाळगून बाळगून घडीवर फाटले आहे, तरी त्यातला मजकूर मला पाठ आहे.

महोदय,

१. अर्जदार, म्हणजे मी, कारखान्यांतील मोजमापाची उपकरणे दुरुस्त करतो. दाबमापक, तापमापक, पातळीमापक, जे काही अडते, गळते किंवा खोटे बोलू लागते, ते शेवटी माझ्या टेबलावर येते. माझी शेड पत्र्याची असून तिची जमीन लाकडी फळ्यांची आहे. फळ्यांची ही बाब कृपया लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे. शेडचा अर्धा भाग माझा. उरलेल्या अर्ध्यात माझी वहिनी कारखान्यांसाठी फिल्टर बॅगा शिवते. तेल, रंग, औषध, जे काही गाळायचे असते ते ज्या जाड कापडी पिशवीतून गाळतात, ती ही पिशवी. वहिनीचे मशीन घरगुती नव्हे. ते सुरू झाले की माझ्या टेबलावरचे स्क्रू आपापसांत बोलू लागतात. माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, टेम्पो चालवतो. तयार बॅगा पोचवतो आणि येताना बिघडलेली मापके घेऊन येतो. घरात वाद सुरू झाला की तो टेम्पो पुसायला बाहेर जातो. आमचा टेम्पो नेहमी चकचकीत असतो.

२. गोंदाच्या कारखान्यात मोठ्या टाकीत गोंद शिजतो. टाकीत गोंद किती आहे हे मात्र कोणालाच धड सांगता येत नाही. बाहेरून दिसत नाही, आत डोकावावे तर वाफ तोंडावर येते. म्हणून तिथला फोरमन वरून काठी घालतो, बाहेर काढतो आणि ओल्या खुणेवरून अंदाज सांगतो. वर्षानुवर्षांच्या थरांमुळे ती काठी आता दोन्ही हातांनी उचलावी लागते. टाकीत कुठलेही मापक बसवले तरी गोंद त्याला धरतो आणि काटा जिथे आहे तिथेच राहतो. टाकी ओसंडून वाहते, आणि काटा सांगतो अर्धी. यावर उपाय म्हणून मी यंत्र केले. टाकीत एक उभी नळी, नळीत फ्लोट, फ्लोटला सळई आणि सळईच्या टोकाशी तबकडीवरचा काटा. नळी आतून अशी घासली की गोंद भिंतीला न धरता ओघळून खाली जावा. आपल्या कार्यालयाच्या आग्रहाखातर अर्जात फ्लोटला "तरंगक" असे लिहावे लागले. तेव्हापासून वहिनी त्याला तरंगराव म्हणते. शेडमध्ये तरंगराव झकास चालले. मी पहिला अर्ज केला. त्यात शोधकर्ता म्हणून एकच नाव होते, आणि ते लिहिताना माझी छाती चांगली फुगली होती, हे लपवण्याचे कारण नाही.

३. त्यानंतर आपल्या चाचणी कक्षात काय घडले ते अहवालात आहे, पण अर्धेच आहे. उरलेले मी सांगतो. आपल्या कक्षातले टेबल दगडी आहे. त्यावर माझी छोटी टाकी ठेवली, गोंद तापवला आणि हळूहळू भरला. काटा थोडा वर आला आणि थांबला. गोंद वर येत राहिला. आमच्या धंद्यात प्रत्येकाला एक सवय असते, ती आपणांस माहीत असावी: तबकडी वाचण्यापूर्वी बोटाने काचेवर टिचकी मारायची. कोणाच्या घरी आत जाण्यापूर्वी दार वाजवावे तशी. कोणी शिकवत नाही आणि ती मारल्यावाचून कोणी वाचतही नाही. माझे बोट काचेकडे गेले, तोच आपल्या चाचणी अधिकारी बाई म्हणाल्या, "हात लावू नका, नियम आहे." मी हात मागे घेतला. काटा तसाच राहिला. बाईंनी तो समोरून पाहिला, त्यांच्या सहायकाने बाजूने पाहिला, आणि आणखी एका गृहस्थांनी बॅटरी आणून खालून पाहिला. मग अहवाल लिहिला गेला.

४. शेडमध्ये परत आणल्यावर तेच यंत्र, तोच गोंद, आणि काटा असा सुरळीत वर जाऊ लागला की मला रडावे का हसावे कळेना. याचा जो अर्थ कोणीही यंत्रवाला काढेल तोच मी काढला: दोष चाचणी कक्षाचा आहे. तिथे गारवा फार आहे, तिथली वीज कमीजास्त होते, तिथले टेबल समपातळीत नाही, अशी पत्रे मी आपणांस पाठवली. ती आपल्या दप्तरी असतीलच. टेबल समपातळीत नसल्याबद्दलचे पत्र थोडे उद्धट होते. ते मी मागे घेत नाही, परंतु टेबलावरचा आरोप मागे घेतो. टेबलात काही दोष नव्हता. उलट टेबल फारच चांगले होते. तिथेच घोटाळा होता.

५. पुढे एके दिवशी वहिनीच्या मशीनचा पट्टा तुटला. नवा पट्टा येईपर्यंत शेडमध्ये शांतता होती. त्या शांततेत माझा काटा अडकला. मी टिचकी मारली, तो हलला. पुन्हा अडकला, मी पुन्हा टिचकी मारली, आणि गोंदाच्या नावाने बोटे मोडली. वहिनी हातावर हात ठेवून बसली होती. तिला रिकामे बसवत नाही, म्हणून ती माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "भावजी, माझं मशीन बंद पडलं की तुमचा काटा झोपतो. हे तुम्हाला कधी दिसलं नाही का?" मी म्हणालो, योगायोग. वहिनीला योगायोग हा शब्द अजिबात खपत नाही. नवा पट्टा बसताच तिने मला माझ्या यंत्रासमोर उभे केले आणि बजावले, "बोट खिशात घाला." मग तिने मशीन चालवले. काटा निघाला. मशीन थांबवले. काटा थांबला. पुन्हा चालवले, पुन्हा निघाला. ती पायाने पायटा दाबत होती आणि माझा, माझ्या हाताने घडवलेला, माझ्या अर्जातला काटा तिच्या पायाच्या तालावर चालत होता. शेवटी ती म्हणाली, "तुमचे तरंगराव माझ्या जिवावर चालतात. आणि अर्जात नाव कुणाचं?" दादा टेम्पो पुसायला गेला.

६. महोदय, तिचे म्हणणे बरोबर होते. मशीनची थरथर फळ्यांतून माझ्या टेबलात, टेबलातून नळीत आणि नळीतून फ्लोटला पोचत होती. फ्लोट चिकटायला जाई आणि ती थरथर त्याला सोडवी. आपल्या दगडी टेबलात थरथर नाही, फळ्या नाहीत, वहिनी नाही. मी आपणांस लगेच कळवले की चाचणी पुन्हा घ्यावी आणि यंत्राशेजारी शिवणयंत्र चालवण्याची परवानगी द्यावी. आपण ती नाकारली. त्या वेळी मला राग आला होता. आज वाटते, नाकारली हे बरेच झाले. परवानगी मिळाली असती तर गोंदाच्या प्रत्येक टाकीशेजारी एकेक शिंपी बसवावा असा शोध माझ्या नावावर लागला असता.

७. शिवणयंत्राशिवाय ती थरथर कशी आणायची, हे वहिनीने सोडवले. मी नाही. बॉबिनवर दोरा गुंडाळण्याची जी चिमुकली मोटर तिच्या जुन्या मशीनवर होती, ती तिने काढली. तिच्या आसावर एक रीळ बसवले आणि रिळाच्या एकाच बाजूला पितळेचे बटण शिवून ते मुद्दाम जड केले. जड बाजू फिरते तशी मोटर थरथरते. ती मोटर तिने नळीच्या डोक्यावर बांधली. काटा हलला खरा, पण आता सगळी टाकीच थरथरू लागली, गोंदावर फेस आला आणि काटा त्या फेसाची उंची सांगू लागला. मी म्हणालो, झाले, संपले. मी मोटर काढायलाही उठलो होतो. वहिनीने माझ्याकडे लक्षच दिले नाही. तिच्या मशीनवर टाचण्यांची एक डबी असते. डबीखाली ती जाड फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाचा, तुकडा ठेवते, नाहीतर डबी चालत चालत कडेला जाते आणि खाली पडते. तसाच तुकडा तिने नळी आणि टाकी यांच्या मध्ये गोल कापून, कडा शिवून बसवला. आता थरथर नळीला मिळते, टाकीपर्यंत पोचत नाही. फेस नाही. काटा खरे बोलतो. "किती थरथर हवी?" असे मी विचारले तेव्हा तिने "टाचणी नाचेल पण डबी हलणार नाही एवढी" असे उत्तर दिले. आपल्या कार्यालयाला हे माप चालणार नाही म्हणून मी ते आकड्यांत मोजून अर्जात घातले. या यंत्रातले माझे काम नळीचे आणि आकड्यांचे. ते चालवण्याचे काम तिचे. मग मी दुसरा अर्ज केला आणि दोघांची नावे घातली.

८. आता आपल्या हरकती. आपल्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले आहे: "अडकलेले उपकरण थरथरीने मोकळे होते, हे सर्वज्ञात आहे. कामगार काचेवर टिचकी मारतातच. सबब सदर बाब या क्षेत्रातील सामान्य कौशल्य असलेल्या व्यक्तीस सहज सुचण्यासारखी आहे."

ही व्यक्ती कोण, हे मी बराच वेळ शोधत होतो. तिचे दुकान कुठे आहे, तिला कोणी पाहिले आहे का, हे पत्रात नाही. नंतर आरशात पाहून दाढी करताना माझ्या लक्षात आले, की ती व्यक्ती मी आहे. या क्षेत्रात मी आयुष्य घालवले. माझे कौशल्य सामान्य आहे, असे मी स्वतःहून कधी म्हटले नसते, पण आपण पत्राने कळवलेच आहे. तर मग त्या व्यक्तीचाच जबाब घ्यावा. मी लिहून देतो: मला हे सुचले नाही. काचेवर मी किती टिचक्या मारल्या असतील याची गणती नाही. एकदाही मला वाटले नाही की ही टिचकी यंत्रालाच मारायला शिकवावी. टिचकी मला ठाऊक होती, पण टिचकीत शोध आहे हे ठाऊक नव्हते. थरथर माझ्या पायांखालून जात होती, माझे स्क्रू तिच्यामुळे नाचत होते, आणि मी आपल्या टेबलाला दोष देत होतो. यापेक्षा सबळ पुरावा आपणांस कुठे मिळणार?

आणि दुसरे साक्षीदार आपल्याच कार्यालयात आहेत. चाचणी अधिकारी बाई, त्यांचे सहायक आणि बॅटरीवाले गृहस्थ, तिघेही अडकलेल्या काट्यासमोर उभे होते. सहज सुचण्यासारखे होते, तर त्या दिवशी सुचायला काय हरकत होती? सुचले असते तर आपले पत्र, माझा हा अर्ज आणि मधला सगळा टपालखर्च वाचला असता. त्यांच्यावर माझा राग नाही. तीनही माणसे हुशार आहेत. माझे म्हणणे एवढेच की हुशार माणसांनाही सुचले नाही, आणि त्याला सहज म्हणता येत नाही.

९. चौथ्या परिच्छेदात आपण म्हणता: "शोधकर्ता क्रमांक दोन यांचा व्यवसाय शिवणकाम असून मोजमापाच्या क्षेत्राशी त्यांचा संबंध दिसून येत नाही. त्यांचे शोधातील योगदान संशयास्पद वाटते." हे आणि तिसरा परिच्छेद एकाच पानावर आहेत. दोन्हींवर एकाच अधिकाऱ्याची सही आहे. म्हणजे ही गोष्ट इतकी सोपी आहे की कोणालाही सुचेल, आणि इतकी अवघड आहे की शिवणकाम करणाऱ्या बाईला सुचणार नाही. महोदय, या दोहोंपैकी एक काहीतरी ठरवावे. दोन्ही एकदम ठरवायची असतील तर ते कसे, हे मला लेखी कळवावे. मी ते पत्र काचेत बसवून शेडमध्ये लावीन.

शिवाय संबंध नाही हे खरे नाही. कारखान्यात जे काही वाहते ते कुठे ना कुठे वहिनीच्या शिवणीतून गाळले जाते. तिचा एक टाका चुकला तर पुढची सगळी मापके खोटी ठरतात, कारण त्यांच्यात गाळ बसतो. तो गाळ मी आयुष्यभर खरवडत आलो आहे. संबंध यापेक्षा जवळचा असू शकत नाही.

१०. पुढची बाब कागदावर नाही, म्हणून मी ती कागदावर आणतो. हरकतीचे पत्र घेऊन मी आपल्या कार्यालयात आलो होतो. आपले परीक्षक, जे वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत, त्यांनी मला जिन्याजवळच्या बाकावर बसवले, स्वतः चहा आणून दिला आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "काका, मार्ग सोपा आहे. वहिनींचं नाव काढून टाका. मग हा नवा अर्ज राहत नाही, तुमच्या पहिल्या अर्जाची पुरवणी होते. आपल्याच यंत्रात आपणच केलेली सुधारणा. तिला ही 'सहज सुचण्याची' हरकत लागतच नाही. पेटंट तुमच्या हातात." मी विचारले, यंत्र तेच राहील? ते म्हणाले, तेच. फेल्ट तेच? तेच. मोटर, रीळ, बटण? सगळे तेच, काका, फक्त नाव नाही. त्या मुलाने हे माझ्या भल्यासाठीच सांगितले, याबद्दल मला शंका नाही. त्याच्यावर कारवाई करू नये. चहाही चांगला होता.

११. घरी येऊन मी हे सांगितले. दादा उठून बाहेर गेला. मला वाटले होते वहिनी भडकेल, आणि तिने भडकावे असे मला मनातून वाटतही होते, म्हणजे पुढचे सोपे झाले असते. ती आधी हसली. मग मशीनवर बसली, एक बॅग पुरी शिवली, दोरा तोडला आणि म्हणाली, "काढा की. एवढ्या बॅगा शिवल्या, एकीवर तरी माझं नाव आहे का? तुमचा काटा चालला म्हणजे झालं." आणि दुसरी बॅग घेतली.

मी उठून त्या बॅगा पाहिल्या, महोदय. रोज पाहतो, पण त्या दिवशी वाचल्या. प्रत्येकीवर ज्या कारखान्यात ती जाणार त्याचा शिक्का असतो. शिवणाऱ्याचा कुठेच नसतो. जागाच ठेवलेली नसते. आणि मी ज्या बाकावर चहा पीत बसलो होतो, तिथे बसून क्षणभर, अगदी क्षणभर, मी मनातल्या मनात हो म्हटले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि मग आपल्या कार्यालयाचा राग आला. लाज ओसरली आहे. राग ओसरलेला नाही, म्हणून हा अर्ज लिहीत आहे.

१२. मधल्या काळात गोंदाच्या कारखान्यात यंत्र बसवून झाले आहे. ते चालते. फोरमनने काठी ठेवून दिली आहे. फेकवत नाही म्हणतो. काटा आपोआप चालत असूनही तो वाचण्यापूर्वी काचेवर टिचकी मारतोच, आणि मीही मारतो. सवय आहे. यंत्रावर बसवायची एक पितळी पट्टी असते, तिच्यावर शोधकर्त्याचे नाव कोरतात. ती कोरी पट्टी घेऊन फोरमनने मला विचारले, "काय कोरू, मिस्तरी?" आपल्या उत्तरावाचून मी त्याला काही सांगू नये, असा नियम असेल. नियम असल्यास तो मोडला गेला आहे.

१३. सबब, पूर्ण विचारांती आणि शुद्धीवर राहून, मी पुढीलप्रमाणे करीत आहे व मागत आहे.

(अ) माझा पहिला अर्ज मी मागे घेतो. त्यातले यंत्र चालत नाही. आपल्या चाचणी कक्षाने ते तेव्हाच लिहिले होते आणि ते बरोबर लिहिले होते. मी भांडत होतो. पहिला अर्जच राहिला नाही म्हणजे त्याची पुरवणीही होऊ शकत नाही, हे आपल्या परीक्षकांना माझ्या नमस्कारासह कळवावे.

(आ) दुसऱ्या अर्जातून एक नाव काढावे, ही आपल्या कार्यालयाची सूचना मला मान्य आहे. त्यानुसार शोधकर्ता क्रमांक एक, म्हणजे माझे नाव काढण्यात यावे. क्रमांक दोनला क्रमांक एक करावे. नळी मी घासली हे खरे, परंतु नळी कोणीही घासतो. ते सामान्य कौशल्याचे काम आहे.

(इ) माझे नाव निघाल्यावर या अर्जात माझा काहीही स्वार्थ उरत नाही. त्यामुळे परिच्छेद ८ मधील माझा जबाब आता त्रयस्थाची साक्ष म्हणून नोंदवून घ्यावा. स्वतःच्या यंत्राबद्दल बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मी जाणतो. आता मी दुसऱ्याच्या यंत्राबद्दल बोलत आहे.

(ई) या साक्षीनंतरही ही गोष्ट सहज सुचण्यासारखी होती असे आपणांस वाटत असल्यास, सुनावणी ठेवावी. सुनावणीस मी येईन, थरथर काढून ठेवलेले यंत्र आपल्या दगडी टेबलावर मांडीन आणि काटा अडकल्यावर बोट खिशात घालून उभा राहीन. आपण, चाचणी अधिकारी बाई, सहायक आणि बॅटरीवाले गृहस्थ, सर्वांनी ते सहज सुचणारे सुचेपर्यंत तिथे बसावे. काचेला हात लावू नये, नियम आहे. मला घाई नाही. वहिनीचे मशीन चालू आहे, शेडची काळजी नाही.

(उ) हरकत मागे घेतल्यास सुनावणीची गरज नाही. सर्वांचा वेळ वाचेल.

वरील मजकुरात काही ठिकाणी भाषा सरकारी राहिलेली नाही, याची मला जाणीव आहे. आधीच्या पत्रांत ती सरकारी होती, आणि तिने काटा तसूभरही हलला नाही.

आपला,
नम्रपणा आधीच्या पत्रांत वापरून संपलेला,

(सही)
या क्षेत्रातील सामान्य कौशल्य असलेली व्यक्ती

स्थळ: शेड, लाकडी फळ्यांवर.
दिनांक: टपालाच्या शिक्क्यावर असेल तो.

सोबत:
१) मला सुचले नाही, याचे प्रतिज्ञापत्र, साक्षांकित. साक्षांकन करणाऱ्या वकिलांनी "असे कोणी लिहून देते का?" असे विचारले. त्यांना होय म्हणून सांगितले.
२) फेल्टचा गोल तुकडा, कडा शिवलेला. शिवण पाहावी.
३) पितळी पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा. पट्टीवर एकच नाव आहे. ते कोरून झाले असून यंत्रावर बसवले आहे, आणि पितळेवरचे खोडता येत नाही.
४) अर्जातून माझे नाव काढण्यास वहिनीची संमती: जोडलेली नाही. विचारली असती तर तिने दिली नसती. नाव माझे आहे, ते काढायला मला कोणाची परवानगी लागत नाही.